अठ्ठावीस मिलिमीटरची पागा

दिवसभर मी दुसऱ्यांचे दात करतो.
दादरच्या लॅबमध्ये, खिडकीकडे पाठ,
पोर्सेलिनचा थर, भट्टी, पुन्हा थर.
ज्या ब्रशचं टोक फाटलं
तो शेठ फेकायला सांगतो. मी खिशात घालतो.

रात्री भांडुपला
जेवणाचं टेबल पुसून झालं की
त्याच ब्रशने घोडे.
शिशाचे, अंगठ्याएवढे.
पोटाखाली साच्याची शीर असते, ती आधी कानशीने घासायची,
मग काळ्याचा एक हात,
मग कुमैत, अबलख, मुश्की.
एकाचा पुढचा पाय मोडका आला,
त्याला कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकचा पाय बसवला.
तोच सगळ्यांत ताठ उभा राहतो.
स्वार सगळे बारगीर, स्वतःचा घोडा कोणाचाच नाही,
दाणावैरण माझ्या पगारातून.

कुमुदिनी विचारते, किती झाले?
छत्तीस.
लागतात किती?
ॲल्विनकडे अठ्ठेचाळीस गारदी आहेत, तोफा वेगळ्या.
मग काही इलाज नाही, म्हणते
आणि पंखा एकवर आणते,
ताटलीतला रंग वाळू नये म्हणून.

अडलं ते पांढऱ्या घोडीपाशी.
तीनदा रंगवली,
तीनदा बाथरूमच्या टाइलसारखी दिसली.

मग एका संध्याकाळी कोकणनगरच्या नाक्यावर
वरातीची घोडी उभी. नवरदेव यायचा होता,
बँडवाले चहा पीत होते.
जवळ जाऊन बघितलं.
नाक गुलाबी, त्यावर राखी ठिपके,
गुडघ्याशी पिवळट,
मानेखाली, घामाने केस चिकटले होते तिथे,
जवळजवळ निळी.
पांढरी कुठेच नव्हती.
अरे, हे तर मला ठाऊक होतं.
वीस वर्षं यावरच पोट भरतोय:
पांढरा दात पांढरा नसतो,
हिरडीजवळ मध, टोकाला काच.

तिचा माणूस, जब्बार, माझ्याकडे बघत होता.
वय काय हिचं?
त्याने बोलायच्या ऐवजी तिचा ओठ वर केला.
(धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.
ही तर भाड्याची घोडी.)
लांब, झिजलेले, मुळाशी तपकिरी रेघ.
शेड ए-चार, तोंडातून निघून गेलं.
बारा, तो म्हणाला. तेरा धरा.

त्या रात्री घोडी झाली.
लगामाखाली ओठ किंचित उघडा,
आत मधाचे चार ठिपके.
भिंगाशिवाय दिसत नाहीत.
वरच्या स्वाराचा चेहरा मात्र बिघडला;
लढाईला नाही,
मुलगी बघायला निघाल्यासारखा दिसतो.

रविवारी ऑर्लेमला, ॲल्विनच्या टेबलावर
हिरव्या चादरीच्या कडेने, उजव्या बगलेला तिला ठेवलं.
फासा टाकला. एक.
ॲल्विनने तिला उचललं,
चॉकलेटच्या रिकाम्या डब्यात
आडवी करता करता थांबला,
चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांजवळ नेलं.

हिला दात आहेत, म्हणाला.

मग म्हणाला, तुझी चाल.