हुडहुडी

पुतण्याने टोरांटोहून आणलेल्या नळीत
दिवाळीनंतरच्या सोमवारी मी थुंकले.
त्याआधी अर्धा तास चहा नाही,
सगळ्यात अवघड काम तेवढंच.

मग पौष आला. जेल रोडची आमची गल्ली
संध्याकाळी सातलाच कड्या लावून घेते.
निफाडकडे पहाटे बागांतून शेकोट्या पेटतात
मणी तडकू नयेत म्हणून,
आणि वारा असला तर तो धूर
माझ्या वाळत घातलेल्या साड्यांपर्यंत येतो.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
उजेडासमोर धरायची, आकडा बघायचा,
जुळला नाही तर बाजूला.
आता तेच. पडद्यावर यादी,
माझ्याशी थोडे थोडे जुळणारे परके लोक.
बहुतेक धुळीइतके. सोडून द्यायचे.
एकच नाव वर तरंगलेलं:
देवीना भिवाजी, मॉरिशस.
एकाहत्तर सेंटिमॉर्गन.
खापरपणजोबा एक असावेत, असं यंत्राचं म्हणणं.

थोरला भाऊ म्हणाला, "कशाला उकरतेस?
खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉम्सन,
घड गोड निघाला की झालं."
त्याची दिंडोरीला बाग आहे. कलमातलं त्याला कळतं.

तरी मी रामकुंडावर गेले.
उपाध्यांनी विचारलं, गाव? वडझिरे.
आडनाव? माहेरचं सांगितलं, बोडके.
लाल फडक्यातून लांबट वही निघाली.
मोडीवर बोट ठेवून ते वाचत गेले:
सटवाजी, त्याचे पुत्र दोन, तुकाजी आणि भिवा.
तुकाजीच्या खाली आम्ही, म्हणजे माझे भाऊ.
मी नाही. लेकींसाठी रेघ ओढत नसत.
भिवाच्या खाली एवढंच:
शके १८१४. मयत. निःसंतान. येथे पिंड दिला.

"परागंदा असेल," उपाध्ये म्हणाले,
"बारा वर्षं वाट बघून देत असत."
कावळा शिवला का, ते लिहिलेलं नाही.

देवीना इंग्रजीत लिहिते, मी हळूहळू वाचते.
तिच्याकडे मळ्याचा एक कागद आहे,
पिंड दिला त्याच साली
उसाच्या रांगांत भिवाला तिसरं मूल झालं.
तो जिवंत होता, घाम गाळत होता,
आणि इकडे कुणी थंड पाण्यात उभं राहून
त्याला पोचता करत होतं.

मग तिने विचारलं:
"आमच्या घरात एक खेळ आहे.
तळहात घासायचे, खूप घासायचे,
बाळाच्या गालांना लावायचे
आणि म्हणायचं, हुडहुडी गेली!
म्हातारा शिकवून गेला म्हणतात.
हुडहुडी म्हणजे कोण? भूत आहे का?
इथे आत्ता झाडं लिचीने वाकलीत,
पंखा लावूनही झोप येत नाही."

मी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
थंडी, असं लिहिलं तर खोटं नव्हतं.
पण वडझिऱ्याची पहाट त्यात मावेना,
विहिरीवरची वाफ, गुराच्या पोटाला चिकटून
निजलेलं पोर,
ज्याला पुढे ऐंशी वर्षं थंडी वाजणार नव्हती.
शेवटी लिहिलं, भूत नाही. आमच्याकडे राहते.
ये, दाखवते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुन्हा माडीवर गेले.
उपाध्ये म्हणाले, "वहीत खोडता येत नाही.
खाली लिहिता येतं."
बराच वेळ त्यांनी वहीकडे पाहिलं,
मग ती माझ्याकडे फिरवली.
"माझं मोडी आता थरथरतं. तुम्ही लिहा, बाळबोधीत.
आणि लिहिणाऱ्याची सही लागते."

खाली नदीवर धुकं इतकं, की पलीकडच्या देवळांचे
नुसते कळस.
भिवाच्या रेघेखाली मी पेन टेकवलं.
भिवाची पणती देवीना, असं लिहायचं होतं,
आणि शेजारी, बेचाळीस वर्षांनी,
द्रौपदा बोडके.

शाई उतरेना. रिफिल गोठलेली.
उपाध्ये खिडकी लावायला उठले.
मी पेन दोन्ही तळव्यांत धरलं
आणि घासत बसले.