दुसा

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी
गोंचिगने मोटारसायकलवरून आणून
तिला वसतिगृहाच्या पायरीवर उतरवलं,
गाठोडं उतरवावं तसं.
खालचा एक दात हलत होता.
मला म्हणाला, "दुलमाताई, हिचा दात पडला तर जपून ठेवा.
इथल्या कुत्र्यांना घालू नका."
आणि गेला धुळीत, साठ किलोमीटर, मेंढ्यांकडे.

आमच्या मंगोलियात रीतच आहे ती.
पडलेला दात मेंढीच्या शेपटीच्या चरबीत लपेटायचा
आणि पिल्लाला भरवायचा,
म्हणजे नवा येतो तो कुत्र्यासारखा,
हाडाला पुरून उरणारा.
पण पिल्लू घरचं हवं.
गावातली कुत्री काय, कोणाचीच नसतात,
ती कोणाचेही दात खातील.

एर्खेस दिवसभर जिभेने दात ढकलायची,
पाढे म्हणताना, शेवयांच्या सूपपुढे.
रात्री दिवे मालवले की
अठ्ठावीस खाटांमधून मला तेवढाच आवाज कळायचा,
टक्, टक्,
आतून कोणी दार वाजवावं तसा.

आतूनच वाजवत होतं.
बावीस वर्षं मुलांच्या तोंडात बघतेय मी.
दात कोणी पाडत नाही.
नवा येतो तो जुन्याचं मूळ विरघळवत येतो,
कणाकणाने, महिनोन् महिने,
आणि वरच्याला पत्ता नसतो.
मूळ संपल्यावर तो उभा असतो नुसता,
सवयीने.

पडला बुधवारी, पावाच्या तुकड्यात.
रडली नाही.
उलटा करून माझ्यापुढे धरला:
"ह्याचं मूळ कुठे गेलं?"
मी काडेपेटी शोधत राहिले.

शनिवारी माझ्या फोनवरून घरी लावून दिला.
"बाथार कथा आहे?" तिने विचारलं.
पलीकडे वारा, मेंढ्या,
मग आईचा आवाज:
"कोण बोलतंय?"

(हे मी तिच्या आईला कधी बोलून दाखवणार नाही.)

मग दुसराही गेला.
काडेपेटीत दोन झाले; हलवली की वाजायची.
नदी गोठली. कोळसा संपला, पुन्हा आला.
पांढऱ्या महिन्याच्या सुट्टीला
उणे तीसात बाप न्यायला आला,
भुवयांवर बर्फ.
हातमोजा काढला,
अंगठ्याने तिचा ओठ खाली ओढला,
कोकराचा ओढतात तसाच,
आणि बघत राहिला जरा जास्त वेळ.
"आदत नेऊन सोडली होती," म्हणाला,
"दुसा झाली की."
हसला. मग हातमोजा घालायला
त्याला बराच वेळ लागला.

आठ दिवसांनी परतली ती काडेपेटी घेऊनच.
"बासारने चरबी चाटली," म्हणाली,
"आणि दात थुंकले. दोन्ही."
जाताना पिल्लू होता तो,
आता तिच्या कंबरेएवढा.
त्याचेही दुधाचे पडून गेले होते,
गवतात कुठे, नाहीतर पोटात,
कोणी शोधले नाहीत,
कोणी कोणाला भरवले नाहीत.
"तरी त्याचे चांगले आलेत," ती म्हणाली,
जरा तक्रारीच्या सुरात.

काडेपेटी माझ्या खणात आहे,
बटणं आणि तापमापकाशेजारी.

त्या रात्री तिला मी दात घासायला लावले,
म्हटलं, "मोठा आ कर."
बॅटरी धरली,
तर पार मागे, गालाच्या अंधारात,
एक दाढ आलेली, रुंद, पांढरी.
कधी आली कोण जाणे.
ती कोणाच्या जागी आलेली नव्हती.
तिच्याआधी तिथे कोणी नव्हतंच,
म्हणून काही पडलं नाही, वाजलं नाही,
चरबी नाही, कुत्रा नाही, फोन नाही.
आयुष्यभर खायचं आहे ते हिच्यावरच.

मी बॅटरी विझवली. "झोप आता."

पहाटे शेगडीत कोळसा घालायला उठले तेव्हा
ती झोपेत हाक मारत होती,
"बासार, बासार,"
स अगदी स्वच्छ.