दुखण्याचा डबा

सेलूला, रेल्वे फाटकाच्या अलीकडं, आमची इस्त्रीची टपरी.
पुरभाजी कोळसा फुंकतो, मी घड्या घालते
आणि शर्टामागं एक रुपया
स्टीलच्या उभ्या डब्यात टाकते.
डबा सासूबाईंच्या लग्नातला, वर त्यांचं नाव कोरलेलं.
नाव त्यांचं, पैसा दुखण्याचा.

लेकरू म्हणतं, आई, दुखणं आलंच नाही तर?
मी म्हणते, गप बस, त्याला ऐकू जाईल.
खरं सांगू? डबा जड झाला की मलाच धसका बसतो.
वाटतं, न ठरलेल्या सोयरिकीसाठी
आपण आधीच हुंडा जमवायलोत.

आधी डबा नव्हता.
आधी दुखणं म्हणजे कानातलं.
सासऱ्यांच्या पित्ताच्या खड्यापायी गेलेली माझी फुलं
सराफाच्या काचेतून दोन वर्षं माझ्याकडं बघत होती,
मग एका बाईच्या कानात जाऊन बसली.
तिच्या साड्या माझ्याकडंच येतात इस्त्रीला.
खळ जरा जास्तच होते.

भादव्यात पुरभाजीच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली.
परभणीचा दवाखाना, गार फरशी, काचेच्या पेटीत मासे.
डॉक्टर म्हणाले, उद्याच उरकून टाकू, पंचेचाळीस हजार भरा.
काउंटरवरच्या पोरानं हप्त्याचा कागद पुढं सरकवला,
पाहुण्याला चहा सरकवावा तसा.
पुरभाजीनं पेन हातात घेतलंसुद्धा.

माझ्या तोंडून कसं निघालं, माहीत नाही:
साहेब, उद्या नाही केलं तर काय होईल?

डॉक्टरांनी चष्मा काढला. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.
म्हणाले, उद्या काही होणार नाही. महिना-दीड महिन्यात करा.
पण गाठ आत जाईना, दुखायला लागली, उलट्या झाल्या,
तर रात्र बघू नका, निघा.
एवढंच.
तपासणीच्या तीनशे रुपयांतच आलं ते वाक्य.
कुणी विचारलं असतं, तर सगळ्यांनाच मिळालं असतं.

मग कार्डं काढली.
रेशनवर पुरभाजी, आधारवर पूरभाजी.
एका उकारानं आमची गाठ अडवून धरली.
तीन फेऱ्या, दोनशे चाळीस रुपये, एक दिवस साहेब जेवायला गेलेले.
सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली, एकवीस दिवसांनी.
एकवीस दिवस तो स्टुलावर बसून घड्या घालायचा
आणि इस्त्री माझ्या हातात.
केवढी जड असते ती,
हे मला लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर कळलं.

ऑपरेशन फुकट झालं.
फुकट म्हणजे रिक्षा, बाहेरून आणलेलं एक इंजेक्शन,
दोन वेळचं जेवण, बुडालेले नऊ दिवस,
आणि शेजारच्या राजाबीनं
सासूबाईंजवळ काढलेल्या दोन रात्री.
निसारभाईनं चिठ्ठी उजेडात धरली,
म्हणाला, भाभी, औषध तेच, डबी साधी.
आणि कात्रीनं पट्टी कापून दहाच गोळ्या दिल्या,
लिहिल्या होत्या तेवढ्याच.

तीन हजार दोनशे साठ.
वहीत सगळं मांडलं, रिक्षासकट.
राजाबीच्या रात्री कुठल्या रकान्यात घालायच्या, कळेना.
तिथं नुसतंच नाव लिहून ठेवलं.

डबा पालथा केला. तळाशी एक नाणं
आणि कुणाच्या तरी शर्टाचं बटण.
लोकांचा डबा रिकामा झाला की झोप उडते म्हणतात.
मी त्या रात्री मेल्यागत झोपले.

सकाळी पहिला शर्ट आला, मास्तरांचा, निळ्या रेघांचा.
रुपया टाकला.
रिकाम्या डब्यात एवढा खणकन वाजला
की आतून सासूबाई दचकून ओरडल्या,
कोण पडलं गं आजारी?

कुणी नाही, म्हणलं.
शर्ट होता.