इतिवृत्तात नाही

गुरुवारची सभा. हजर अकरा, त्यांत फर्गसचा कुत्रा;
इतिवृत्तात दहा.
विषय क्रमांक सात: धक्क्यावरचं सार्वजनिक स्वच्छतागृह
एक नोव्हेंबरपासून बंद करण्याबाबत.
तीन वर्षांचं भिजत घोंगडं.

मी लिहून घेते. इन्व्हरकेलची मी कारकून,
तेवीस वर्षं गावाचं बोलणं
विंचरून, भांग पाडून कागदावर बसवते.
फर्गस टलॉक म्हणाला, "पैसे काय झाडाला लागतात?"
मी लिहिलं, अध्यक्षांनी आर्थिक स्थिती स्पष्ट केली.
सेंगा बुकन म्हणाली, "मग म्हाताऱ्यांनी जायचं कुठं, समुद्रात?"
मी लिहिलं, ज्येष्ठांच्या गैरसोयीकडे लक्ष वेधण्यात आलं.

एक पत्र वाचलं गेलं, एडिनबराहून आलेलं.
शोअर स्ट्रीटवर ज्यांचं घर आहे
आणि त्या घरात ज्यांचा फक्त ऑगस्ट आहे,
त्यांना खिडकीतून ते छप्पर दिसतं.
दृश्य बिघडतं, असं म्हणणं.
(हिवाळ्यात त्या रस्त्यावर
एकतीस घरांत नऊ दिवे लागतात.
हे मी मोजलं. लिहिलं नाही.)

शेवटच्या रांगेत एफी लेनी.
ओला कोट अंगावरच, हात खिशात,
खिशात चावी.
पहाटे साडेपाचला ती कुलूप काढते,
खेकड्यांच्या होड्या निघण्याआधी,
पहिल्या बसचा ड्रायव्हर सहा मिनिटं थांबतो त्याआधी.
टपाल वाटणारी पोरगी, निळ्या ओठांनी पाण्याबाहेर येणाऱ्या
त्या तिघी पोहणाऱ्या,
सगळ्यांची गाडी तिथं एकदा थांबतेच.
आरशाखाली मुरंब्याच्या बरणीत ती फुलं ठेवते,
उन्हाळ्यात कड्यावरची गुलाबी,
थंडीत काहीच नाही,
नुसतं पाणी, पण रोज बदललेलं.
पगार दोन वर्षांपूर्वीच बंद झाला.
त्या सभेचं इतिवृत्तही माझ्याच अक्षरात आहे.

मतदान. बाजूनं पाच, विरुद्ध दोन,
तटस्थ एक, म्हणजे त्याला घाईची लागली होती.
एफी उठली. भांडली नाही.
चावी माझ्या वहीवर ठेवली, नेमकी ओल्या शाईवर.
म्हणाली, "डावीकडची टाकी गळते. साखळी हळू ओढायची."
एवढंच.
मी लिहिलं, चावी मिळाली.
चावी गरम होती.
हे कुठल्या रकान्यात लिहितात?

एक तारखेला वारा ईशान्येचा,
लाटेचे शिंतोडे पार बसथांब्यापर्यंत.
कुलूप मिठानं धरलेलं. दोनदा हिसका दिला,
तिसऱ्यांदा शिवी दिली, तेव्हा उघडलं.
फरशी बर्फ. टाकी गळतेच.
पावणेसहाला दारात फर्गस, रबरी बूट,
रात्रीतून तीनदा उठणाऱ्या माणसाचा चेहरा.
मी त्याच्याकडे, तो माझ्याकडे.
कुत्रा सरळ आत.

"ठराव मंजूर झाला होता ना?"
"झाला. इतिवृत्त अजून कायम व्हायचंय."
"कधी?"
"पुढच्या सभेत."
"आणि ती?"
"जानेवारीत. हॉल मिळाला तर."

मान हलवून तो आत गेला.
बाहेर येऊन हात धुतले, बराच वेळ,
मग आरशाकडेच बघत म्हणाला,
त्या टाकीचा वायसर गेलाय,
होडीवर आहे माझ्याकडे एक.

त्याच्या बुटांचा आवाज धक्क्यावर विरला.
बसचे दिवे वळणावर दिसले.
बरणी रिकामी होती.
मी पाणी भरलं.