वाकडा काप

मंगळवारी सलून बंद असतं, म्हणून मंगळवार.
शटर अर्धं खाली. आत आम्ही तिघं
आणि खुर्चीत, पांढऱ्या फडक्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेलं
थर्माकोलचं एक डोकं.
त्याच्यावर मोरचुदी रंगाचे केस,
दोन हजार तीनशे रुपयांचे,
अकरा दिवस वाट बघून कुरिअरनं आलेले.
पिशवीतून काढले तेव्हा नव्या बादलीचा वास आला.

सौजन्या फरशीवर मांडी घालून
योगा मॅटच्या चिलखताला ड्रायरची धग देते,
तुकडा गुडघ्यावर दाबून धरते, गार होईपर्यंत.
छातीला गुडघ्याचा आकार येतो. तिला चालतं.
तिच्या आईनं माझी मापं कानडीत घेतली,
उद्द, अगल, तोळु, सोंट,
आणि शिलाई मराठीत सांगितली.
पैशाचं बोलणं समोरच्याच्या भाषेत करावं, म्हणते.
झग्याचं कापड वडगावच्या मागावरचं,
काठ चुकलेली साडी, निम्म्या दरात.
चुकलेला काठ आम्ही आत घेतला.

जिचं सोंग घ्यायचंय ती मोडक्या दीपगृहाची राखणदार.
एकोणिसाव्या भागात ती स्वतःचे केस
तलवारीच्या एका घावात कापते:
डावीकडे कानाखाली,
उजवीकडे कमरेपर्यंत तसेच.
तिच्यासमोर आरसा नसतो.
आम्ही तिला मोबाइलवर पाहिली,
कानांनी एक भाषा, डोळ्यांनी दुसरी,
दोन्ही आमच्यापैकी कुणाच्याच घरात न बोलल्या जाणाऱ्या.
रडायचं तिथे दोघी बरोबर रडलो.

आप्पा चित्र बघतात. मोबाइल लांब धरून. मग जवळ.
"हे वाकडं हाय गे."
वाकडंच पायजे.
"वाकडं म्हंजे किती वाकडं?"

एकतीस वर्षं या माणसानं दोन्ही कानशिलं सारखी केली,
नवरदेवांची, हवालदारांची, दहावीच्या पोरांची,
एका आमदाराच्या मेव्हण्याचीसुद्धा, अजून उधार.
कात्री हवेत दोनदा वाजते. मिटते.
पंखा बंद आहे, केस उडतात म्हणून.
मेचा घाम त्यांच्या भुवईवरून खाली येतो
आणि ते कात्री ठेवून देतात.
"चुकलं तर हे परत येत न्हाईत."

माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं:
त्यांची सगळी हिंमत
महिन्याभरात वाढणाऱ्या गोष्टींवर उभी होती.

सौजन्या मान वर न करता म्हणते,
"सुम्ने माड्री, अप्पाजी."
सुम्ने म्हणजे उगीच, म्हणजे नुसतं,
म्हणजे एवढा विचार कशाला.

आप्पा खुर्ची फिरवतात, आरशाकडे पाठ.
कात्री नाही, वस्तरा. नवं पातं.
डाव्या मुठीत केसांचा झुपका, ताणलेला,
आणि एक आवाज, जसा कापडाच्या दुकानात
माप घेऊन झाल्यावर येतो.

मूठ उघडायला त्यांना बराच वेळ लागला.
मग एकदम धंदेवाईक होऊन म्हणाले,
"मानंमागं जरा सारखं करू?"
नको, म्हणालो आम्ही. दोघी. दोन भाषांत.

शुक्रवारी रात्रीची बेंगळूरची बस.
चिलखत वर टपावर, ताडपत्रीखाली,
आणि मांडीवर कुंद्याच्या रिकाम्या खोक्यात
ते अर्धं कापलेलं डोकं.
धारवाडपर्यंत मी खोकं उघडून उघडून बघत होते.

शनिवारी रांगेत उभी होते,
कपाळावरचा गोंद उन्हानं सुटत होता,
पुढे दोन पंखवाले, मागे कुणी कोल्हा.
आप्पांचा फोन आला. उगीचच.
जेवलीस का. पाणी पी. मग म्हणाले,
सकाळी काकतीचे मास्तर आले होते दाढीला,
टॉवेलवर एक निळा केस निघाला.
उजेडात धरून विचारत होते, कुणाचा गा हा?

मग तुम्ही काय सांगितलं?

"काय सांगायचं. आमच्या पोरीचा म्हटलं.
बेंगळूरला गेलीया."