चौथं रताळं

अंगणवाडीचं कुलूप मी काढते, टीचर मागनं येतात.
माझी शाळा तिसरी, तीही अर्धी.
कुकर लावायचा, अंडी उकडायची, नाकं पुसायची,
एवढ्यासाठी मला ठेवलंय.

काल कल्लाप्पानं रानातनं येताना
पाटीभर रताळी टाकली दारात,
बेळगुंदीची माती अंगाला तशीच.
म्हटलं, धुवा रे पोरांनो.
बादलीतलं पाणी आधी चहासारखं, मग विटेसारखं झालं.
रुद्रगौडा ओरडला, "केंपू! केंपू!"
आफ्रिन म्हणाली, लाल.
बाकीच्यांनी तांबडं, तांबडं म्हणून गलका केला.
पाण्यानं कुणाचंच ऐकलं नाही,
गाळ आपला खाली बसत राहिला.

रताळं तळाला गेलं,
त्याचं वाळकं देठ मात्र वर आलं
आणि गोल फिरलं.
सगळी गप्प.
एवढी गप्प ती झोपेतही नसतात.

वैजू मिरगापासून येते, पण एक शब्द नाही.
आई गोकाककडची, बाप इथला,
घरातलं भांडण दोन भाषांत चालतं,
पोरीनं दोन्ही मिटून ठेवलेल्या.
ती फरशीवर ओली रताळी मांडत बसली होती:
थोरलं, त्याच्याशेजारी बारकं,
मग उंदरासारखं, शेपटीवालं.

तेवढ्यात सुपरवायझर बाई आल्या, हातात तक्ता.
भाषा, गणित, परिसर, हातापायाची वाढ,
रकाने कसे बांधासारखे सरळ.
"मोज बघू," बाई म्हणाल्या.
वैजूनं एकेकावर बोट टेकवलं.
एक.
दोन.
मूरु.

टीचरनी पदर तोंडाला लावला.
बाईंचं पेन थांबलं.
"हिला नक्की येते तरी कुठली भाषा?"
मी कुकरचं झाकण धरून उभी,
तोंडातनं गेलंच माझ्या,
बाई, रताळी तर तीनच हैत की.

पेन बराच वेळ
भाषा आणि गणिताच्या मधल्या रेघेवर टेकून राहिलं.

दुपारी तिचा ओला झगा पिळताना हाताला लागलं
चौथं,
कच्चं, खिशाच्या शिवणीत दडवलेलं.
घरी धाकटा भाऊ आहे, अजून रांगतोय.
मी ते कोरड्या झग्याच्या खिशात परत घातलं.
ते तिनं मोजलं नव्हतं.
मीही नाही मोजलं.
खिसा तेवढा उसवलाय,
उद्या सुई आणायला हवी.