साके?

येळ्ळूरच्या आमच्या राइस मिलचा माळा.
चटई, तिखट शेवेची पुडी, सहा बाटल्या
आणि उद्यमबागेत पंप तपासायला आलेला
मोरिकावा नावाचा माणूस.
माझ्या भाच्यानं, नागेंद्रनं, त्याला उगाच सांगून ठेवलेलं
की आमचा मामा तांदळातला आहे.

तांदळातला म्हणजे काय,
एकोणतीस वर्षं कोंडा गिळलाय.

पहिली हाकुत्सुरू. पांढरा सारस, असा अर्थ म्हणे.
चहाच्या स्टीलच्या वाट्यांत ओतली.
मऊ. तांदूळ धुतल्याचं दुसरं पाणी,
आणि शेजारी कुणीतरी केळं सोलून गेलेलं.
ईरण्णा मास्तर म्हणाले, ही बायकांना चालंल.
शांतव्वा तिथंच बसलेली.
तिनं वाटी पुढं केली, दोनदा.

दुसरी किकुमासामुने, लाकडी पिंपातली.
नाक घातलं तर सुताराचं दुकान,
रंधा नुकताच फिरलेला.
खानापूरच्या डेपोत सागवान उतरतं तेव्हाचा वास आठवला
पण हे लाकूड तिकडचं,
ओळख नुसती दुरून दाखवणारं.

तिसरी हाक्काइसान, डोंगराच्या नावाची.
थंड, कोरडी. गिळली की तोंडात काही राहत नाही.
राहत नाही, हेच बराच वेळ राहतं.

ओतायचं काम मास्तरांकडं.
गावात सगळे 'साका' म्हणतात
पण मास्तरांचं कन्नड रिटायर झाल्यावरही पुस्तकातलंच.
वाटी भरत आली की वाकून विचारायचे,
साके?
म्हणजे, पुरे का?
मोरिकावाचा चेहरा उजळायचा. हाय, साके!
मास्तर लगेच थांबायचे.
अर्ध्या वाटीवरच.
बिचारा घोटभर पिऊन पुन्हा वाटी पुढं करायचा,
मास्तर पुन्हा विचारायचे,
तो पुन्हा खूश.
आमच्याकडं शब्दावरून पाट्यांना डांबर फासलंय,
बसा अडवल्यात. मिलची पाटीच मी चारदा रंगवली.
ह्या शब्दावरून मात्र
शांतव्वा हसता हसता शेवेवर सांडली, एवढंच.

चौथी दास्साई. बाटलीवर तेवीस.
तेवीस कसले?
नागेंद्र म्हणाला, दाणा घासत घासत
शंभरातला तेवीस ठेवतात, बाकीचा काढतात.
मी वाटी खाली ठेवली.
इथं बासमतीचे आठ-दहा गेले
तरी माणसं काट्याकडं वाकून बघतात, मग माझ्याकडं.
सत्त्याहत्तर!
एवढ्यावर परशराम गवळ्याचा सगळा गोठा पोसला असता.
मग प्यालो.
खरबूज. पांढरं कसलंतरं फूल. कोवळं सफरचंद.
तांदूळ शोधला, सापडला नाही.
एवढं घासल्यावर कोण सापडतंय.

तेव्हा मोरिकावानं खिशातून कागदाची पुडी काढली.
पाच-सहा दाणे माझ्या तळहातावर ठेवले,
हात धरून बल्बखाली नेला.
दाण्याच्या मधोमध ढग. खडूसारखा पांढरा.
हे काळीज, नागेंद्र सांगत होता,
बुरशी इथंच शिरते आत,
ज्याच्या पोटात हे, त्याला तिकडं भाव.

आमचे आप्पा असला दाणा नखानं उडवायचे.
पोटात पांढरं दिसलं की पोत्याची किंमत तिथंच खाली.
मी जमाखर्चाच्या वहीत समासभर पक्षी काढायचो
तेव्हा गिऱ्हाइकाला म्हणायचे,
ह्याच्या पोटात पांढरं आहे.
गिऱ्हाईक हसायचं. मीही.

हात बराच वेळ बल्बखाली राहिला असावा,
शांतव्वानं विचारलं, काय झालं ओ?

पाचवीचं नाव वाचता आलं नाही.
गढूळ, गोडसर, पातळ पेजेच्या जवळची.
तिच्यात तांदूळ होता.
मास्तर वाकले. साके?
मी वाटीवर हात ठेवला नाही.

सहावी अजून काट्याशेजारी उभी आहे, बंद.
धूळ बसते, पुसतो.
पुडीतला एक दाणा मी परत दिलेला नाही.